काळ्या दगडावरचे बिबडे

त्या दुपारी आम्ही नवरा-बायकोनं अंगणातल्या काळ्या दगडावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले. धुळ्यातलं हे घर पोरानं बांधलं. दगड आर्किटेक्टनं बसवला. मला म्हणाला, "आबा, ही कला आहे. घरही तसंच, कमीत कमी. यातला रिकामेपणा बघायचा."

बघितला. भिंतीला खुंटी नाही, कोनाडा नाही, देव कपाटात कोंडलेले. एवढं शिकून गड्यानं टोपी अडकवायची सोय तेवढी काढून टाकली.

बायको दगडावर तळवा टेकवून म्हणाली, "आहो, हाऊ दगड बेस तापस. बठ्ठा बिबडा आठेच टाकूत."

पोरगा ओरडला, "आई, ते शिल्प आहे!"

"मंग काय झालं? रिकामंच बसेल शे ना!"

सकाळी बिबडे उलटवायचे, असं तिनं मला बजावलं. त्याच दिवशी दिवेलागणीला चहाचा कप हातात असतानाच ती गेली.

सकाळी माणसं जमू लागली. आर्किटेक्टही आला. पोरगा हळूच म्हणाला, "आबा, दगड मोकळा करू का?"

"घर झालंय तेवढं मोकळं पुरे," मी म्हणालो. "हात लावू नको. एक बाजू ओली आहे अजून."

आणि सगळ्यांसमोर वाकून मी एकेक बिबडा उलटवला.