सापडल्याची दवंडी

माझा धाकटा दीर खैरू दिल्लीत दवंडी पिटायचा. आवाज असा, की मशिदीमागच्या गल्लीत ओरडला तर हौजावर धुणं धुणाऱ्या बायका माना वर करायच्या. आणि त्याची घमेंड किती! जेवतानासुद्धा घसा खाकरून बोलायचा. मी म्हणायची, "खैरू, मीठच मागतोयस ना? अख्ख्या मोहल्ल्याला कशाला सांगतोस?"

पण एक मात्र खरं, लोकांचा त्याच्यावर जीव होता. आमच्याकडे हरवलेलं पोर सापडलं की दवंडीवाला त्याला खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरायचा. तेव्हा डफावर एक वेगळाच ठेका धरायचा, जलद, नाचरा. त्या ठेक्यावर तोंडानं काही सांगावं लागत नसे. चुलीवरचं चुलीवर टाकून बाया दारात यायच्या, पोराच्या हातात बताशे कोंबायच्या. पोर कुणाचंही असो, त्या वेळी घरात बसून राहणं आमच्यात फार वाईट समजायचे.

शेजारच्या साबिरा आपाचा एकुलता मसूद हौजावरच्या मेळ्यात हरवला होता. पाच वर्षांचा. खैरूनं घसा फुटेस्तोवर त्याच्या नावानं दवंडी दिली, पण पोर मिळालं नाही. कितीतरी वर्षं लोटली, तरी तो ठेका कानी पडला की आपा सगळ्यांच्या आधी दारात. खांद्यावरचं पोर बघायची, बताशा द्यायची आणि आत जायची.

मग सुलतानाचा हुकूम आला. दिल्ली सोडा, सगळ्यांनी दख्खनला चला, आता दौलताबाद राजधानी. ही दवंडीही खैरूलाच द्यावी लागली. लोकांनी त्याला नाही नाही ते बोलून घेतलं. आपा मला म्हणाली, "मी नाही येणार गं. मसूद आला तर याच दाराशी येईल. दुसरं कुठलं घर ठाऊक आहे त्याला?" पहिला काफिला निघाला त्या पहाटे ती अंगणातल्या धान्याच्या रिकाम्या पेवात उतरली, आणि मी वर फळी ओढली. खैरूला यातलं काही माहीत नव्हतं. आपा गेली, असंच तो समजत होता.

काफिला गेल्यावर शिपाई लपलेल्यांना हुडकायला आले. दिवसभर दारं ठोठावून कंटाळले. त्यांचा जमादार खैरूला म्हणाला, "काय रे, मोठा आवाजाचा राजा ना तू? तुझ्या बोंबलण्याला कुत्रं तरी विचारतं का?"

झालं! एवढं पुरे होतं. "हुजूर," खैरू म्हणाला, "तोंडातून शब्द न काढता बाहेर आणतो सगळ्यांना. फक्त माझ्या अम्मासाठी एक बैलगाडी द्या. तिचे पाय सुजलेत."

आणि त्यानं तो ठेका धरला.

मी घरात पुढच्या काफिल्यासाठी बोचकी बांधत होते. ठेका कानावर आला तशी सगळं टाकून दारात धावले. माळ्यावरून, गोठ्यातून, विहिरीच्या आडोशातून माणसं बाहेर आली. हसत आली हो! शिपाई कोपऱ्यावर उभेच होते. आपानं आतून फळी ढकलली. केसांत भुसा, डोळे उजेडानं मिचमिचे. धावत आली आणि खैरूच्या खांद्याकडे बघू लागली.

"कुठाय रे?"

खैरूचा चेहरा पांढराफटक पडला. जमादार पोट धरून हसत होता. खरं तेव्हाच सांगायचं होतं त्यानं. पण हा बाबा म्हणाला, "पुढं गेला, आपा. पहिल्या काफिल्याबरोबर. दौलताबादला भेटेल."

आम्हाला गाडी मिळाली. आपा काही गाडीत बसेना. "मसूद पुढं आहे," म्हणायची आणि झपझप चालायची. वाटेत धडधाकट माणसं कोसळली, पण ही नाही. पहिल्याच मुक्कामाला खैरूनं मला सगळं सांगितलं. वाटलं, याच्या मुस्काटात द्यावी. पण सासूबाई त्याच गाडीत होत्या, आणि त्यांच्या शेजारी पाय पसरून मीही. मी काय तोंडानं बोलणार?

दौलताबादेत आपा, मसूद आता जेवढा असेल तेवढ्या वयाच्या प्रत्येक पोराला गाठायची. छावणीत, दगडाच्या खाणीत, बाजारात. सोबतीला खैरू, कारण ती त्यालाच बोलवायची. "तू बघितलायस ना त्याला, चल." आणि हा मान खाली घालून मागं मागं. इथल्या एका भाजीवालीनं विचारलं, "आपा, मुलगा दिसायला कसा?" आपा खैरूकडे वळून म्हणाली, "सांग रे हिला, आता केवढा झालाय?" खैरू तिथून पळालाच. घरी येऊन डफ कोपऱ्यात टाकला त्यानं. त्यानंतर त्यानं डफाला हात लावला नाही. चुना कालवायचं काम करायला लागला.

काही वर्षांनी दिल्लीला परतायची मुभा मिळाली. सगळे आनंदानं वेडे झाले. आपा मात्र म्हणाली, "मी कशाला जाऊ? माझा मसूद इथं आहे."

तेव्हा माझं डोकं फिरलं. "खैरू, आज तू सांग, नाहीतर मी सांगते. उरलेलं आयुष्यही खाणार आहेस का तिचं?"

आपा ज्वारी निवडत होती. खैरू उंबऱ्यावरच खाली बसला. त्याचा तो आवाज मलाही नीट ऐकू येईना. "आपा, त्या दिवशी कुणी सापडलं नव्हतं. मी खोटं बोललो. लोकांना बाहेर काढायला वाजवला मी ठेका."

आपानं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता शिव्याशाप देईल. खैरूलाही तेच हवं असावं, मान पुढं करून बसला होता बिचारा. पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तिथं कुणीच नाही? तो आला असेल गं. रिकामं घर बघून त्याला वाटलं असेल, आईनं वाट बघणं सोडलं."

दुसऱ्या दिवशीच्या काफिल्याबरोबर ती निघाली. खैरूनं तिचं गाठोडं वेशीपर्यंत नेलं. "आपा, मीही येतो. तिथं पुन्हा हुडकू," म्हणाला. तिनं गाठोडं त्याच्या हातातून घेतलं. "तू नको," म्हणाली, "तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा धावेन."

आमची बहुतेक माणसं परत गेली. खैरू इथंच आहे. का नाही गेलास, असं कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगतो. गुडघ्यांना काहीसुद्धा झालेलं नाही त्याच्या.