लिथियमला पाणी लागत न्हाय

आमच्या दुकानातून जुन्या बॅटऱ्या निघून जातात, गिऱ्हाइकांचे किस्से मात्र तिथंच साठत राहतात. परवा मैत्रिणी जमल्या आणि लागल्या मागं, "सांग की गं!" म्हटलं, बसा.

दुकान बेळगावात, कॅम्पच्या अलीकडं. आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांचा उभा जन्म ट्रक-ट्रॅक्टरच्या ॲसिडच्या बॅटऱ्यांत गेला. लिथियम आलं तेव्हा डिप्लोमावाली सून म्हणून मला पुढं केलं, पण ट्रेनिंगला आम्ही दोघंही गेलो. तिथं एक व्हिडिओ दाखवला. दारातच रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली, आणि आत झोपलेल्या माणसांना बाहेर पडायला वाटच राहिली नाही.

तेव्हापासून आप्पांचा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच घोषा. "रात्री लावून झोपू नका. आणि दाराच्या वाटंत तर न्हायच न्हाय!" माना सगळे डोलावतात. ऐकत कोण नाही.

*

पण पहिला किस्सा आप्पांचाच. बॅटरीच्या दोन टोकांना वायर टेकवायची, ठिणगी बघायची आणि "माल चांगला" म्हणायचं, ही त्यांची जुनी पद्धत. पहिलं लिथियम पॅक आलं आणि हात सवयीनं वायरकडं गेला.

मी किंचाळलेच, "आप्पा, हात मागं घ्या! हिची ठिणगी म्हणजे आगच!" आणि मीटर त्यांच्या हातात दिला.

आप्पा मीटरकडं बघत म्हणाले, "ठिणगी न बघता बॅटरी पास? ह्ये म्हंजे पोरगी न बघता लगीन!"

दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्या पान्यांच्या दांड्यांना त्यांनी स्वतः इन्सुलेशन टेप गुंडाळली.

*

खानापूरकडच्या एका पाटलांनी स्कूटरला बॅटरी बसवून घेतली. जाताना जुन्या ॲसिडवाल्या बॅटरीच्या सवयीनं विचारलं, "पाणी कवा घालायचं?"

"हिला पाणी लागत नाही काका."

ते हसले. बायका रेसिपीतला एक जिन्नस लपवतात, तशी मी लपवतेय असं त्यांना वाटलं असावं. आठवड्यानं डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन हजर. "झाकान कुठं घावंना. मग ड्रिल आणलंय. म्हटलं, भोक तुमच्याकडनंच पाडून घ्यावं!"

आप्पांनी त्यांना चहा पाजला, आणि ड्रिल आमच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

*

कोर्टातले एक क्लार्क होते. बॅटरी बसवताना मदत करायची भारी हौस, आणि बोटात चार अंगठ्या. धातू टर्मिनलला लागला तर बोट भाजतं, म्हणून मी अंगठ्या काढायला सांगितल्या.

"नीलम काढून चालत न्हाय बाई. शनी रागावतो."

आप्पा आतून ओरडले, "शनी साडेसात वर्षं घेतो! बॅटरीला तेवढा धीर न्हाय!"

क्लार्कसाहेब हात पाठीमागं बांधून लांब उभे राहिले.

*

दसऱ्याला गाड्या धुऊन पुजायच्या, ही आमच्याकडची रीत. मंजू नावाच्या एका पोरानं आपली ई-रिक्षा सर्व्हिसिंगच्या पाइपानं धुतली, तीही बॅटरीचा बॉक्स उघडून! वर फोन केला, "आता चार्जिंगला लावू काय?"

आप्पांनी ऐन सणाच्या दिवशी रिक्षा ढकलत आणायला लावली. कनेक्टरमधून चक्क पाणी निघालं.

मंजू हिरमुसला. "गाडी न धुनाऱ्याला समदे बोलत्यात. धुतली म्हनून शिव्या खानारा मी पयलाच!"

*

आणि रात्रीच्या चार्जिंगचं म्हणाल, तर लांब कशाला जायचं? एके सकाळी उठून बघते, तर आमच्याच दारात यांची स्कूटर, आणि चार्जर आप्पांच्या मांडीवर. रात्री कधी काढून घेतला कुणास ठाऊक. आमचे हे बसनं ऑफिसला गेले.

संध्याकाळी आप्पांनी शांतपणे विचारलं, "बसायला जागा मिळाली व्हय रं?"

*

निपाणीच्या अण्णांचं मात्र आप्पांनी मनाला फारच लावून घेतलं. अण्णा जैन, वयस्कर, तंबाखूचे व्यापारी. घराला एकच दार, तिथंच स्कूटर लावायची, आणि नातवंडं पुढच्या खोलीत झोपायची. बॅटरी नेल्यापासून आप्पांना चैन नव्हतं. फोन केला की मुलगा "व्हय व्हय" म्हणायचा. ते "व्हय व्हय" आम्ही खूप ऐकलेलं.

शेवटी एक दिवस मला म्हणाले, "चल, डोळ्यांनी बघून येऊ."

पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. अण्णांच्या घरची जेवणं उरकलेली, ताटं घासायला पडलेली. स्कूटर अंगणात, उघड्यावर, दारापासून लांब. चार्जर खिळ्याला टांगलेला. आप्पांनी वाकून काटा बघितला. बॅटरी अर्धीच भरलेली.

आप्पांना खरंच वाटेना. "अण्णा, अर्धीवरच काढली? समदी लोकं रात्रभर लावत्यात. तुम्ही माझं कसं काय ऐकलं?"

अण्णा चक्रावलेच. "तुमचं कुठलं ऐकतोय? दिवस मावळल्यावर ह्या घरात कुणाच्या तोंडात घास जात न्हाय. गाडी काय परक्याची हाय?"