तीन दिवस वेशीबाहेर

आमच्या वाचनगटात साथीत सापडलेल्या शहराची एक जुनी, गाजलेली कादंबरी चालू होती. शहराच्या वेशी बंद. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. मालवणकडची मैत्रीण म्हणाली, "आमच्या मावशीकडे उलटं. ठरलेल्या वर्षी अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जातो. गावपळण!" झालं, मी रजा टाकली.

रेल्वेने कुडाळ, तिथून मालवणची एसटी, पुढे रिक्षा. रिक्षाचं भाडं आधी ठरवा, मी शहाणीने ठरवलं नाही. ओढ्याअलीकडे झावळ्यांच्या झोपड्यांची रांग होती. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळा संसार तिथे, आणि पलीकडे गाव चिडीचूप. कुणी म्हणे तीन दिवस गाव भुतांना द्यायचा, कुणी म्हणे ही जुन्या साथीच्या काळातली रीत. मी दोन्ही वहीत लिहून घेतलं.

"आत पाय ठेवलंस तर माझ्याशी गाठ आसा," मैत्रिणीच्या विमलमावशीने बजावलं. तिचा मुलगा सदानंद मुंबईहून आला होता. बांगड्याचं तिखलं त्यानेच केलं, आणि मी उकड्या तांदळाच्या भातावर ते लाज सोडून ओरपलं. (पक्कं न्हाणीघर हवं असेल तर मालवणातच मुक्काम करा.) गावी किती वर्षांनी आलात, विचारलं तर म्हणाला, "मी आवशीक भेटूक इलंय. गावात नाय."

कारण दुसऱ्या दुपारी मावशीकडून कळलं. कोरोनात तो मुंबईहून आला, तेव्हा गावाने त्याला वेशीवरच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. अकराव्या दिवशी वडील घरी त्याच आजाराने वारले. चितेचा धूर त्याने शाळेच्या खिडकीतून पाहिला. मुदत संपताच तो परस्पर मुंबईला गेला, आणि त्यानंतर घराचा उंबरा चढलाच नव्हता.

"गाव त्याका घराक सोडूक तयार होतो गो," मावशी हळूच म्हणाली. "मीच नको म्हटलंय. झिलाक पण लागात म्हणान भियालंय. त्याका ठावक नाय." गाव उघडला की तो निघून जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

चौथ्या सकाळी मानकरी देवाचा कौल घ्यायला देवळात गेले. कौल मिळाला, नगारा वाजला आणि एकच धावपळ उडाली. सदानंदाने पिशवी खांद्याला लावली. मावशी मात्र बसूनच राहिली.

"गावावर राग धरू नको," ती म्हणाली. "तुका मीच येवक दिलंय नाय."

त्याने एकदा ओढ्यापलीकडे पाहिलं. मग विचारलं, "बाबा खंयच्या खोलयेत होते?"

ती उठून पुढे चालू लागली. तो मागोमाग ओढ्यात उतरला. मला फार जावंसं वाटत होतं, तरी मी त्यांच्या मागे गेले नाही.

घरी आल्यावर सगळे भुतांचंच विचारतात. मला ती दिसली नाहीत, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. परवा मावशीला फोन केला, सदानंद मुंबईला पोचला का म्हणून.

"नाय गो," ती म्हणाली. "हंयच आसा. बापाशीच्या खोलयेत निजता."