मधल्या रेघेपर्यंत

आमच्या ह्यांनी आयुष्यात दारूच्या थेंबाला तोंड लावलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी "असेल बाई, थोडीफार" म्हणणार आणि माझं डोकं पुन्हा फिरणार. मधुमेह झाल्यापासून चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचे. सणाला पुरणपोळी पानात वाढून घ्यायची आणि हळूच पोरांच्या ताटात सरकवायची, एवढाच त्यांचा गोडाशी संबंध उरला होता.

हे हायस्कुलात गणित शिकवायचे. डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू केलं तेव्हा कोल्हापूर संस्थान नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. टोचायला कंपाउंडर यायचा, पण त्याच्या येण्याला काळवेळ नाही, आणि ह्यांची शाळा अकराची. शेवटी डॉक्टरांनी मलाच शिकवलं. काचेची सिरिंज, सुई उकळायला निराळं पातेलं, कातडी पुसायला स्पिरिट. "वहिनी, ही मधली लांब रेघ दिसते ना? तिथपर्यंत भरायचं. कमी नाही, जास्त नाही." झालं शिक्षण. औषध कमी-जास्त जोराचं येतं, बाटली बदलली की रेघही बदलते, याबद्दल चकार शब्द नाही. मला मराठी वाचता यायचं, पण बाटलीवर सगळं इंग्रजी. आणि घरात ज्यांना इंग्रजी येत होतं ते सुई बघितली की डोळे मिटून भिंतीकडं तोंड फिरवायचे. वर्गात पोरं चळाचळा कापायची ह्यांना, आणि घरात ही तऱ्हा.

तरी दोन वर्षं माझा हात चुकला नाही. बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, साडेनवाला टोचायचं, दहाला जेवायला वाढायचं.

एकदा बाटली संपली म्हणून मी औषधाच्या दुकानात गेले. नव्या बाटलीवरच्या कागदाचा रंग निराळा दिसला. मी विचारलं, "तेच आहे ना हो हे? रंग वेगळा दिसतोय."

"त्येच की वैनी," दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणाला. "पयला माल संपला, ह्यो नवा आलाय. औषध त्येच हाय."

मी विचारलं होतं. हे ध्यानात ठेवा, कारण नंतर कुणीच ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नव्या बाटलीतून मधल्या रेघेपर्यंत भरलं आणि टोचलं. हे भाकरी-आमटी जेवून निघाले. जाताना स्पिरिटची रिकामी बाटली त्यांनी कोटाच्या खिशात टाकली. दारूबंदी आल्यापासून लोक स्पिरिटच प्यायला लागले, म्हणून ते दुकानात सुखासुखी मिळेना झालं होतं. डॉक्टर आपल्यातलं थोडंथोडं द्यायचे, ते शाळा सुटल्यावर भरून आणायचं होतं.

एकच्या सुमाराला शाळेचा म्हातारा शिपाई धापा टाकत दारात आला. "वैनी, चला बिगीबिगी. मास्तर वर्गात पडल्यात."

"काय झालं?"

त्यानं मान खाली घातली. "पिऊन आल्यात म्हणत्यात हेडमास्तर. घामानं न्हाल्यात, हात लटलटाय लागल्यात, काय बी बडबडत्यात. खिशात बाटली बी घावली."

घाम म्हटल्यावर मला उमगलं. इन्शुलिन जास्त झालं किंवा वर जेवण पडलं नाही तर घाम सुटतो, माणूस बरळतो, लगेच साखर द्यायची, नाहीतर जीव जातो, एवढं मात्र डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. डब्यातली मूठभर साखर पदरात बांधली आणि पायात चपला न घालता धावले.

हेडमास्तरांच्या खोलीत ह्यांना बाकावर आडवं टाकलं होतं. शर्ट ओला पिळून काढण्यासारखा, डोळे अर्धे उघडे, जीभ जड. आणि टेबलावर काय, तर ती स्पिरिटची बाटली, कागदावर मांडून ठेवलेली, जणू फौजदारानं मुद्देमाल पकडला. हेडमास्तर शाळा चालवणाऱ्या मंडळाला चिठ्ठी लिहीत बसले होते. डॉक्टरला बोलावणं नाही, पाण्याचा पेला नाही, चिठ्ठी.

"बाई, तुम्ही बाहेर थांबा," ते म्हणाले. "हा शाळेच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"इभ्रत मागनं बघा, आधी माणूस बघा," म्हणत मी त्यांना बाजूला सारलं. ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि साखर गालाच्या आत चोळत राहिले. त्यांनी माझं बोट करकचून चावलं. चावतोय म्हणजे जीव आहे, असं मनाशी म्हणत मी चोळत राहिले. शिपायानं पाणी आणलं, त्यात उरलेली साखर कालवली. ते घोटघोट गिळायला लागले तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळानं डोळे नीट उघडून विचारतात, "कितवा तास चाललाय?" दारात पोरांची गर्दी होती. पोरं फिदीफिदी हसली.

संध्याकाळी नवी बाटली घेऊन मी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, हे दुप्पट जोराचं आहे. मधली रेघ जुन्या बाटलीला. याला निम्मंच भरायचं."

"हे आज सांगताय मला?" मी म्हटलं. दुकानदाराला जाऊन विचारलं, तर तो वर तोंड करून म्हणतो, "बाटलीवर लिवलंय की वैनी." लिहिलंय. माझ्या बापानं मला विलायतेला धाडलं असतं, तर वाचलंही असतं.

डॉक्टरांनी शाळेसाठी चिठ्ठी लिहून दिली: मास्तर दारू प्यायलेले नव्हते, पत्नीकडून चुकून दुप्पट इन्शुलिन दिलं गेलं. ह्यांनी ती वाचली आणि घडी घालून ठेवून दिली. "ही द्यायची नाही. तुझ्या हातनं झालं, असं शाळेच्या दप्तरात लागेल."

"लागू दे की. झालं माझ्याच हातनं."

ते ऐकेनात. मग दुसऱ्या दिवशी मीच ती घेऊन गेले. डॉक्टर स्वतः येतो म्हणाले होते, आले नाहीत. आपण काय शिकवायचं विसरलो, ते चारचौघांत कोण सांगतो?

हेडमास्तरांनी चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बाई, डॉक्टरच्या चिठ्ठीवर हल्ली पिण्याची परमिटंसुद्धा मिळतात." मी सगळं सांगितलं. रेघ, रंग, दुकानदार. माझा नवरा माझ्याच हातानं मरता मरता वाचला, हेही बोलून दाखवलं. ते शांतपणे हसले. "नवऱ्यासाठी सगळं आपल्या अंगावर घेतलंत. कौतुक वाटतं तुमचं." मग ह्यांना आत बोलावून विचारलं, "मास्तर, खरं आहे हे?"

हे जमिनीकडं बघत म्हणाले, "मला काही आठवत नाही."

तिथंच सगळं संपलं. या खेपेला माफ केलं, असा ठराव झाला आणि मॅट्रिकचा वर्ग ह्यांच्याकडून काढून घेतला. दुकानदाराचं दुकान चाललं, डॉक्टरांचा दवाखाना चालला. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी मात्र गावात पतिव्रता ठरले. हळदीकुंकवाला गेले की बायका मला पाटावर बसवून म्हणायच्या, असं दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायला काळीज लागतं. अगं, दुसऱ्याचं कसलं, माझंच होतं, असं किती जणींना सांगितलं. त्या आणखीच कौतुकानं मान हलवायच्या. ह्यांच्यावर तर मी महिनाभर चिडून होते. टोचायचे, वाढायचे, बोलायचे नाही.

पुढं काही वर्षांनी हे निवृत्त झाले. शाळेत निरोपसमारंभ झाला. तेच हेडमास्तर बोलायला उभे राहिले. गणिताचं कौतुक केलं, शिस्तीचं केलं, आणि मग आवाज मऊ करून म्हणाले, "मास्तरांचं पाऊल एकदा घसरलं. पण त्यांनी स्वतःला सावरलं, तो नाद कायमचा सोडला. विद्यार्थ्यांनी हा आदर्श घ्यावा."

मी मागं बायकांत बसले होते. ताडकन उठले. "खोटं आहे हे," असं म्हणाले, चांगलं मोठ्यानं म्हणाले. पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या होत्या. शेजारणीनं पदर धरून मला खाली ओढलं. व्यासपीठावर ह्यांनी गळ्यातल्या हारासकट हात जोडले.

घरी जाताना टांग्यात मी विचारलं, "हात कशाला जोडलेत? खरं का नाही सांगितलंत?"

"सांगायचं म्हणजे भरल्या सभेत तुला उभं करायचं," ते म्हणाले. "ते माझ्यानं झालं नसतं."

"मी उभीच होते," मी म्हटलं. "तुम्हीसुद्धा बघितलं नाहीत."