कोरं कापड

पेटी उघडली की धूर आणि वाळलेल्या सालीचा वास येतो. आता त्याची भीती वाटत नाही.

बारा वर्षांपूर्वी लातूरला पुतणीचं बारसं होतं. मोठी माणसं आम्ही चार, आणि लेकराचं वजन एक किलो नऊशे. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ, फिजीत नोकरीला, तेव्हा रजेवर घरी आलेला. त्याची तिकडची बायको लिटिया हिने माहेरचं कापड अंथरलं. झाडाची साल कुटून केलेलं, काळ्या-तांबड्या नक्षीचं. बाळाला त्यावर ठेवायची त्यांची रीत.

आई ओरडली, "कोरं हाय ते! कोऱ्यात मढं गुंडाळतेत. लेकराला जुनं लुगडं लागतंय."

"त्यांच्यात मढ्यालाबी हेच लागतंय," भाऊ बोलून गेला.

मी बाळाचे श्वास मोजू लागलो.

मग आईने गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि स्वतःच त्या कापडावर मांडी घालून, डोळे मिटून बसली. आमच्यात मेलेल्या माणसाला असंच बसवून पुरतात.

थोड्या वेळाने ती उठली. "झालं जुनं. आण गं पोरीला."

पुढे महिनाभर मी बाळापेक्षा आईच्याच श्वासाकडे जास्त पाहत होतो.