दाढ माझी, मॅच त्याची

मागच्या उन्हाळ्यात दाढ ठणकू लागली म्हणून मी वर्धा रोडवरच्या एका दाताच्या डॉक्टरकडे गेलो. माझ्या तोंडात मशीन फिरवता फिरवता हा गृहस्थ कानात इअरफोन घालून फोनवर मित्राशी चालू मॅचच्या गप्पा मारत होता. विकेट पडली की हसायचा आणि हसला की त्याचा हात हलायचा. मी हात वर करून त्याला थांबवलं.

"दुखून राहिलं का?"

मी त्याच्या कानाकडे बोट दाखवलं.

"अहो काका, सवय आहे आम्हाले. डोळे मिटले तरी दाढ सापडते," असं म्हणून तो पुन्हा मॅचमध्ये शिरला.

थोड्याच वेळात तो जोरात हसला, मशीन घसरलं आणि माझ्या जिभेची कड कापली गेली. तोंड रक्ताने भरलं.

"तुम्ही हालले ना काका!"

मी उठून बसलो, रक्त थुंकलं. "मी नाही हाललो. तुमचं ध्यान कुठं होतं?"

त्यावर तो "एक मिनिट हं" म्हणाला. मित्राला नव्हे, मला!

मी तोंडाला रुमाल लावून तडक बाहेर पडलो. उरलेलं काम कामठीच्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी केलं. त्यांचा फोन टेबलावर वाजत राहिला, पण त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. वर्धा रोडवरच्या त्या पठ्ठ्याची मात्र ओळखीचे लोक आजही तारीफ करतात, एका वेळी दोन कामं करतो म्हणून. त्यातलं एक तरी त्याला येतं का, हे कोणी विचारत नाही.