हळिवाचा डबा आणि पुलाची लढाई

हळिवाचा डबा हाताला हलका लागला, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आईने तो हळीव पुण्याहून पाठवला होता, माझ्या बाळंतपणासाठी. बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं, आणि डबा नॉटिंगहॅमच्या फ्लॅटमध्ये वरच्या कपाटात तसाच राहिला. मी त्याला हातही लावत नव्हते. मग कमी कोण करतंय?

घरात आम्ही दोघंच. नवरा दर रविवारी ‘ऑफिसचं काम’ म्हणून निघायचा आणि नखांत हिरवा रंग घेऊन परतायचा. मेल्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर रंगवतात की काय! आणि हळीव लागतो कुणाला? बाळंतिणीला. झालं, माझं डोकंच फिरलं. ह्याने कुठेतरी दुसरं घर मांडलंय, तिथे बाळ आहे, आणि माझ्या आईचा हळीव त्या बयेच्या लाडवांत जातोय! फोनवर आईला काही बोलले नाही, पण बॅग भरून ठेवली.

पुढच्या रविवारी त्याच्या मागोमाग निघाले. तो एका चर्चच्या हॉलमध्ये शिरला. दारातून डोकावले, तर आत ना बाई, ना बाळ. पिकल्या केसांचे इंग्रज भल्यामोठ्या टेबलाभोवती उभे, आणि टेबलावर लढाई पेटलेली. मनाने रचलेले दोन देश, नुकती आगगाडी आलेला काळ. हाताने हिरवे रंगवलेले बोटभर शिपाई, तोफा, नदीवर रेल्वेचा पूल. पूल ज्याचा, युद्ध त्याचं. पुलावर नजर ठेवणारी टेकडी माझ्या नवऱ्याकडे होती, आणि तिच्यावर खराखुरा हळीव तरारला होता, दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतो तसा! तोही इतका दाट, की त्याच्याच तोफा आडव्या झाल्या होत्या आणि शत्रू खुशाल पूल ओलांडत होता. त्याच्या बाजूचे म्हातारे करवादत होते, आणि हा पोट धरून हसत होता. घरी असं हसताना मी त्याला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

मला पाहून त्याचं हसू गेलं.

“खोटं का बोललास?” मी विचारलं.

“तू रडत बसलेली असताना खेळायला जातो म्हणून कसं सांगू?”

“आणि माझा हळीव?”

“डबा दिसला की तुला रडू येतं. फेकून द्यायचा धीर होईना गं. म्हटलं, कुठेतरी उगवू दे.”

मी एक पडलेली तोफ उचलून उभी केली. ती परत पडली. मग मात्र मला हुंदका आवरेना, आणि दोन्ही बाजूंचे सेनापती लढाई तशीच टाकून माझ्यासाठी चहा करायला धावले.